लिंडबर्ग : टाकीत उरलेलं पेट्रोल

ज्यांचा आय.सी. इंजिन्स हा विषय होऊन गेला आहे (किंवा राहिला आहे!) त्यांना कार्ब्युरेशनच्या धड्यातला एक आलेख नक्की आठवत असेल. आडव्या अक्षावर हवा आणि इंधनाचं प्रमाण, उभ्या अक्षावर एकीकडे पॉवर आणि दुसरीकडे इंधनाचा खप. मिश्रण थोडं रिच ठेवलं की पॉवर सगळ्यात जास्त, थोडं लीन केलं की खप सगळ्यात कमी. परीक्षेला हमखास येतो म्हणून आपण तो पाठ करतो, पेपरात काढतो आणि विसरतो.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर एका माणसाने हाच आलेख वापरून लढाऊ विमानं कित्येक किलोमीटर पुढे नेली. नवीन इंजिन नाही, नवीन टाकी नाही, एक स्क्रूसुद्धा बदलला नाही. त्यावेळी तो ४२ वर्षांचा होता, अंगावर कुठल्याही सैन्याचा हुद्दा नव्हता, आणि गंमत म्हणजे त्याने इंजिनीअरिंग दुसऱ्याच वर्षाला सोडलेलं होतं. त्याचं नाव चार्ल्स लिंडबर्ग.

न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने उडणारा लिंडबर्ग आपल्याला जनरल नॉलेजच्या पुस्तकातून माहीत असतो. पण त्याचं बाकीचं आयुष्य त्या एका ओळीत मावणारं नाही. त्यात अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे आणि मान खाली जावी असंही आहे.

कॉलेज सुटलं, विमान सापडलं

लिंडबर्गचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ रोजी डेट्रॉइटला झाला. बालपण गेलं मिनेसोटा राज्यातल्या लिटल फॉल्स या छोट्या गावात. वडील अमेरिकन काँग्रेसमध्ये खासदार होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये म्हणून त्यांनी जाहीर भूमिका घेतली होती. त्याची मोठी किंमतही त्यांना मोजावी लागली. आई रसायनशास्त्राची शिक्षिका. पोराला मात्र पुस्तकापेक्षा यंत्राची ओढ. शेतावरची मशीन, घरची मोटार, एक्सेल्सियर मोटरसायकल, जे हाताला लागेल ते खोलायचं आणि परत जोडायचं.

१९२० साली त्याने विस्कॉन्सिन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. मोटरसायकल आणि नेमबाजी यांत तो रमला, अभ्यासात नाही. मार्क इतके घसरले की दुसऱ्याच वर्षात कॉलेज सुटलं. आपल्याकडे अशा वेळी घरी जे वातावरण असतं तसंच तिथेही असणार. पण एप्रिल १९२२ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन गावी तो पहिल्यांदा विमानात बसला आणि पुढचा प्रश्न मिटला.

पुढची चार वर्षं म्हणजे सर्कसच होती. गावोगावच्या जत्रेत उडत्या विमानाच्या पंखावर उभं राहायचं, पॅराशूट घेऊन उडी मारायची, पैसे घेऊन लोकांना चक्कर मारून आणायची. १९२३ साली ५०० डॉलरला त्याने सैन्याने विकायला काढलेलं एक जेनी विमान घेतलं आणि आयुष्यातली पहिली एकट्याची भरारी त्याच विमानातून मारली. मग तो सैन्याच्या वैमानिक शाळेत गेला. तिथे सुरुवातीला १०४ जण होते, शेवटी उरले १८, आणि त्यांत पहिला आला लिंडबर्ग! कॉलेजात नापास होणारा हाच मुलगा इथे रात्ररात्र जागून अभ्यास करत होता. कारण इथलं गणित कशासाठी आहे ते त्याला दिसत होतं.

१९२६ पासून तो सेंट लुइस ते शिकागो टपाल नेऊ लागला. रात्रीचं धुकं, खाली दिवे नाहीत, रेडिओ नाही. त्या एका वर्षात दोनदा पेट्रोल संपल्यावर त्याला अंधारात पॅराशूटने उडी मारावी लागली. टाकीचा काटा शून्यावर येणं म्हणजे काय हे त्याला असं अंगावर येऊन कळलं होतं. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे.

वजन, वजन आणि वजन

न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये न थांबता उडणाऱ्याला २५ हजार डॉलरचं ऑर्टिग बक्षीस १९१९ पासून जाहीर होतं. १९२६-२७ मध्ये त्यासाठी नामांकित वैमानिक उतरले. फ्रान्सचा महायुद्धातला वीर फाँक तीन इंजिनांचं अवजड विमान घेऊन निघाला. ते धावपट्टीवरच कोसळून पेटलं आणि त्याचे दोन साथीदार गेले. अमेरिकेचे डेव्हिस आणि वूस्टर चाचणी उड्डाणात गेले. मे १९२७ मध्ये नंजेसर आणि कोली पॅरिसहून निघाले ते परत कुणाला दिसलेच नाहीत.

लिंडबर्गने उलटा विचार केला. तीन इंजिनं म्हणजे तिप्पट भरवसा असं सगळे धरून चालले होते. त्याचं म्हणणं, तीन इंजिनं म्हणजे बिघाडाच्या तीन जागा, शिवाय जास्त वजन आणि जास्त पेट्रोल. एक इंजिन, एक वैमानिक, बाकी सगळी टाकी. सॅन डिएगोच्या रायन कंपनीत डोनाल्ड हॉल या इंजिनीअरबरोबर बसून त्याने दोन महिन्यांत 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' उभं केलं. राइट कंपनीचं सुमारे २२० अश्वशक्तीचं इंजिन आणि ४५० गॅलन, म्हणजे जवळजवळ १७०० लिटर पेट्रोल. उड्डाणाच्या वेळी विमानाच्या एकूण वजनात निम्म्याहून जास्त वजन पेट्रोलचंच!

मुख्य टाकी वैमानिकाच्या पुढ्यात बसवली, कारण अपघात झाला तर इंजिन आणि टाकीच्या मध्ये आपलं सँडविच होऊ नये. त्यामुळे समोरची काचच गेली. समोर बघायला एक छोटा पेरिस्कोप, नाहीतर बाजूच्या खिडकीतून डोकं काढायचं. रेडिओ नाही, पॅराशूट नाही, बसायला वेताची खुर्ची. नकाशांच्या कडासुद्धा त्याने कापून टाकल्या. खायला पाच सँडविच.

२० मे १९२७ च्या सकाळी चिखलाच्या मैदानावरून विमान कसंबसं उठलं, टेलिफोनच्या तारांच्या थोडंसंच वरून गेलं आणि साडेतेहतीस तासांनी, सुमारे ५८०० किलोमीटर उडून, पॅरिसला उतरलं. वय २५. खाली लाखभर लोक. त्या रात्रीनंतर तो जगातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस झाला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. पॅरिसला उतरला तेव्हा टाकीत अजून ८५ गॅलन पेट्रोल शिल्लक होतं. म्हणजे हे नुसतं धाडस नव्हतं, हिशेब होता आणि तो बरोबर आला होता.

प्रसिद्धीची किंमत

पुढे १९२९ मध्ये त्याचं ॲन मॉरो हिच्याशी लग्न झालं. तीही वैमानिक झाली, चांगली लेखिका झाली. १ मार्च १९३२ च्या रात्री त्यांच्या दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला घरातून पळवून नेलं. खंडणी देऊनही उपयोग झाला नाही; मे महिन्यात बाळाचा मृतदेह सापडला. खटला, गर्दी, फोटोग्राफर यांना कंटाळून १९३५ च्या अखेरीस हे कुटुंब युरोपला निघून गेलं. १९३७ साली दोघं एका लहान विमानातून भारतातही येऊन गेले.

या काळातही त्याचं डोकं स्वस्थ नव्हतं. नोबेल विजेते डॉक्टर ॲलेक्सिस कॅरल यांच्याबरोबर त्याने शरीराबाहेर अवयव जिवंत ठेवणारा काचेचा पंप तयार केला. रॉकेटवर काम करणाऱ्या रॉबर्ट गोडार्डला लोक हसत होते, तेव्हा गुगनहाइम घराण्याकडून त्याला पैसे मिळवून देण्यात लिंडबर्गचा हात होता.

आता नावडती बाजू. १९३६ ते १९३८ मध्ये तो जर्मनीला अनेकदा गेला. तिथली विमानं, कारखाने, शिस्त बघून तो भारावला. ऑक्टोबर १९३८ मध्ये गोअरिंगच्या हातून त्याने जर्मन सरकारचं पदक घेतलं. तीनच आठवड्यांनी जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेली. पदक त्याने परत केलं नाही. अमेरिकेत परत आल्यावर युद्धात पडू नये म्हणून तो देशभर सभा घेऊ लागला. युद्ध नको म्हणणारे तेव्हा लाखो होते, त्यात काही चूक नाही. पण ११ सप्टेंबर १९४१ रोजी आयोवातल्या डे मॉइन शहरात त्याने ब्रिटिश, रूझवेल्ट सरकार आणि ज्यू हे तिघे अमेरिकेला युद्धात ढकलत आहेत असं जाहीर भाषण केलं. युरोपात ज्यूंचा छळ चालू असताना हे बोलणं! देशाचा लाडका हिरो एका दिवसात नकोसा झाला. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या माणसाला माणसांच्या बाबतीत इतकी मोठी चूक करता येते, हे वाचून मला खरंच धक्का बसला.

पी-३८ आणि 'ॲव्हरेज'

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. लिंडबर्गने सैन्यात परत घेण्याची विनंती केली. कर्नलच्या हुद्द्याचा राजीनामा त्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच दिला होता. सरकारने दार उघडलं नाही. मग त्याने कारखान्यांची वाट धरली. फोर्डच्या विलो रन कारखान्यात बी-२४ बॉम्बरच्या कामात मदत केली, उंचावर ऑक्सिजन कमी पडला तर वैमानिकाचं काय होतं याचे प्रयोग स्वतःवर करून घेतले. पुढे कोर्सेअर हे लढाऊ विमान बनवणाऱ्या युनायटेड एअरक्राफ्टचा सल्लागार म्हणून १९४४ मध्ये तो पॅसिफिकच्या आघाडीवर पोचला. कागदोपत्री काम एवढंच की विमान कसं चालतंय ते बघायचं. प्रत्यक्षात त्याने तिथे सुमारे ५० लढाऊ मोहिमा केल्या! सिव्हिलियन माणूस शत्रूच्या हातात सापडला असता तर युद्धकैद्याचे हक्कसुद्धा मिळाले नसते.

जून १९४४ मध्ये तो न्यू गिनीतल्या हॉलंडियाला ४७५ व्या फायटर ग्रुपकडे गेला. कमांडर कर्नल चार्ल्स मॅकडोनाल्ड आपल्या सहकाऱ्याबरोबर पटावरचा खेळ खेळत बसला होता. पाहुण्याचं नाव त्याने नीट ऐकलंच नाही. समोर कोण उभं आहे हे कळायला थोडा वेळ लागला. दुसऱ्याच दिवशी लिंडबर्ग त्यांच्याबरोबर पी-३८ लाइटनिंग घेऊन उडाला.

इथे त्यांची अडचण समजून घेऊ. जपानी तळ एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब, मध्ये नुसता समुद्र. बॉम्बर लांब जाऊ शकत, पण त्यांना सोबत करणारी लढाऊ विमानं अर्ध्यातून परत फिरत. मग एकट्या पडलेल्या बॉम्बरवर जपानी विमानं तुटून पडत. लढाऊ विमानावरच बॉम्ब लावून न्यायचे म्हटले तर बॉम्बचं वजन आणि लांबी यांची सांगड बसत नसे. थोडक्यात काय, अडलं होतं ते पेट्रोलपाशी.

काही दिवसांतच विमानांची देखभाल करणाऱ्या मेकॅनिक लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. सगळी विमानं सारखंच पेट्रोल भरून जातात, एकाच मार्गाने जातात, पण या नव्या माणसाच्या टाकीत परत आल्यावर जास्त पेट्रोल उरतं. ३ जुलैच्या मोहिमेत एका तरुण वैमानिकाचं पेट्रोल संपत आलं. लिंडबर्गने रेडिओवरून त्याला आरपीएम किती ठेवायचे, मिश्रण किती लीन करायचं ते सांगितलं. तो पोरगा सुखरूप उतरला, टाकीत ७० गॅलन उरले होते. लिंडबर्गच्या टाकीत तेव्हा २६० गॅलन होते!

त्याची युक्ती आपल्या भाषेत सांगायची तर अशी. तुम्ही बाइक चाळीसच्या स्पीडने चालवताय. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत चालवलं तरी स्पीड चाळीस, टॉप गिअरमध्ये शांतपणे चालवलं तरी चाळीसच. ॲव्हरेज कुठे जास्त मिळेल हे कुणालाही विचारा. विमानात गिअरच्या जागी प्रोपेलरच्या पात्यांचा कोन असतो. वैमानिकांना शिकवलं होतं की क्रूझिंगला साधारण २२०० ते २४०० आरपीएम आणि मिश्रण ऑटो रिच. लिंडबर्ग आरपीएम १६०० वर आणायचा, मॅनिफोल्ड प्रेशर वाढवायचा आणि मिश्रण ऑटो लीन.

यामागचं कारण आपल्या सिलॅबसमधलंच आहे. विमान एका ठराविक वेगाने उडत ठेवायला पॉवर ठराविकच लागते. ती जास्त फेऱ्यांतून थोडी थोडी काढता येते किंवा कमी फेऱ्यांतून प्रत्येक स्ट्रोकला जास्त काढता येते. फेऱ्या कमी झाल्या की पिस्टन, रिंग, बेअरिंग यांच्या घर्षणात जाणारी शक्ती वाचते. सिलिंडरमध्ये हवा ओढण्यात वाया जाणारं कामही कमी होतं. आणि रिच मिश्रणातलं जादा पेट्रोल बरंचसं इंजिन थंड ठेवायलाच खर्ची पडतं. आरामात क्रूझ करताना त्याची गरज नसते.

लिंडबर्गने सगळ्यांना बसवून हे समजावलं तेव्हा वैमानिक लगेच तयार झाले नाहीत. प्रेशर वाढवून आरपीएम कमी ठेवले तर डेटोनेशन होईल, व्हॉल्व्ह जळतील, प्लग काळे होतील अशी त्यांना भीती. समुद्राच्या मधोमध इंजिन बंद पडण्यापेक्षा पेट्रोल जास्त गेलेलं परवडलं! शंका रास्तच होती. लिंडबर्गने व्याख्यान वाढवलं नाही. इंजिन लष्करी असतं, सोसतं, एवढं समजावून तो रोज त्यांच्याबरोबर तसाच उडत राहिला. मेकॅनिकनी त्याची इंजिनं उघडून बघितली, ती ठणठणीत होती. मग वाद मिटला.

गोष्ट वरपर्यंत गेली. जुलैमध्ये ब्रिस्बेनला त्याची जनरल केनी आणि जनरल मॅकआर्थर यांच्याशी भेट झाली. सिव्हिलियन माणूस लढतोय म्हणून आधी भुवया उंचावल्या, पण पी-३८ ची मजल सुमारे ५७० मैलांवरून ७०० मैलांपर्यंत नेता येईल हे ऐकल्यावर मॅकआर्थरने त्याला मोकळीक दिली. लक्षात घ्या, हा आकडा फक्त जाण्याचा. लढून तेवढंच परतही यायचं. सहा-आठ तासांच्या मोहिमा नऊ-दहा तासांच्या होऊ लागल्या. ऑक्टोबर १९४४ मध्ये बोर्निओतल्या बालिकपापानच्या तेल कारखान्यांवर बी-२४ बॉम्बर गेले. आधीच्या फेऱ्यांत सोबतीला कुणी नसल्यामुळे त्यांचं जबर नुकसान झालं होतं. यावेळी मोरोताई बेटावरून पी-३८ आणि पी-४७ त्यांच्या सोबत पोचली.

लढाऊ विमानाचं बॉम्बर

२८ जुलैला सेराम बेटाजवळ समोरासमोरच्या झटापटीत लिंडबर्गने एक जपानी विमान पाडलं. १ ऑगस्टला पलाऊवर एका झीरोने त्यालाच जवळजवळ पाडलं होतं, साथीदार वेळेवर धावले म्हणून वाचला.

तिथून तो मार्शल बेटांवर मरीन दलाच्या कोर्सेअर तुकड्यांकडे गेला. आजूबाजूच्या काही बेटांवर जपानी सैन्य वेढ्यात अडकलं होतं. तिथे हवाई लढाई उरली नव्हती, बॉम्ब टाकायचे होते. कोर्सेअर एक इंजिनाचं, मूळचं फायटर. ते किती वजन उचलू शकतं हे लिंडबर्गने पायरीपायरीने तपासलं. आधी हजार पौंडांचे तीन बॉम्ब, मग पोटाखाली दोन हजार पौंडांचा एक, आणि शेवटी सप्टेंबर १९४४ मध्ये वोत्ये बेटावर एका दोन हजारी बॉम्बबरोबर हजाराचे दोन. एकूण चार हजार पौंड, म्हणजे सुमारे १८०० किलो. लांबच्या मोहिमेवर चार इंजिनांचं बी-१७ साधारण तेवढंच घेऊन जात असे. धावपट्टी किती लागते, डाइव्ह मारताना विमान कसं वागतं, हे सगळं त्याने आधी स्वतः करून बघितलं आणि मग इतरांना सांगितलं.

हिशेबात न बसलेलं

इथे गोष्ट संपवली असती तर एक छान प्रेरणादायी लेख झाला असता. पण त्याच्या कामाचं दुसरं टोक म्हणजे खाली पडणारे बॉम्ब. युद्धाच्या त्या महिन्यांत आपल्याच बाजूचे सैनिक जपानी कैद्यांशी आणि मृतदेहांशी कसे वागतात हे त्याने पाहिलं आणि डायरीत न लपवता लिहून ठेवलं. जून १९४५ मध्ये जर्मनीत रॉकेटचा कारखाना बघायला गेला असताना शेजारची डोरा छळछावणी त्याने पाहिली. ज्या जर्मन तंत्रज्ञानाने तो एकेकाळी भारावला होता ते कैद्यांच्या हाडांवर उभं होतं. पण १९४१ च्या त्या भाषणाबद्दल त्याने कधी जाहीर माफी मागितली नाही.

पुढे १९५४ मध्ये आयझेनहॉवरने त्याला राखीव हवाई दलात ब्रिगेडियर जनरल केलं. त्याच वर्षी अटलांटिक उड्डाणावरच्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. उतारवयात त्याने व्हेल मासे आणि दुर्मिळ प्राणी वाचवण्यासाठी जगभर पायपीट केली. २६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाईमधल्या माउई बेटावर कॅन्सरने तो गेला. त्यानंतर २९ वर्षांनी, २००३ मध्ये, डीएनए चाचणीतून कळलं की जर्मनीत त्याचं आणखी एक कुटुंब होतं आणि त्या मुलांना बाप खरा कोण हे लहानपणी माहीतच नव्हतं. पॅरिसच्या उड्डाणासाठी नकाशाची कडसुद्धा कापणाऱ्या माणसाने केवढं ओझं लपवून वाहिलं बघा.

मला लिंडबर्गची पूजा करायची नाही आणि त्याला निकालातही काढायचं नाही. त्याच्याकडून एक गोष्ट नक्की घ्यावी. मशीन जुनं आहे, बजेट नाही, पार्ट मिळत नाही असं म्हणण्याआधी आहे तेच मशीन आपण पूर्ण समजून घेतलंय का, हे विचारायचं. तो आलेख पुस्तकात सगळ्यांसाठी होता, वापरला एकाने. आणि दुसरी गोष्ट त्याच्याकडून घेऊ नये. यंत्र बरोबर समजलं म्हणजे जगही बरोबर समजलं, असं आपण इंजिनीअर लोक फार पटकन धरून चालतो.

तेव्हा पुढच्या व्हायवाला सरांनी लीन मिश्रणाबद्दल विचारलं तर १६०० आरपीएमची गोष्ट सांगून बघा. मार्कांची गॅरंटी मी देत नाही!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)